यंत्रमागांच्या गोंगाटात नेटवर्क ध्वनिक्षेपक: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातील अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल विणण्याचा कारखाना आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही तेथील जुनी ध्वनिक्षेपण यंत्रणा काढून तिच्या जागी संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे २२ ध्वनिक्षेपक बसवले. कारखान्याची देखभाल आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी माझ्याकडे असल्यामुळे दरपत्रके मागवण्यापासून पहिल्या बिघाडापर्यंत सगळे मी जवळून पाहिले, आणि वर्ष उलटून गेल्यावर आता या मालाविषयी ठामपणे काही सांगता येईल असे वाटते. उत्पादक कंपनीचे आणि पुरवठादाराचे नाव मी देणार नाही. पुढे जे बरे-वाईट सांगणार आहे, त्यातले बरेचसे या जातीच्या कोणत्याही ध्वनिक्षेपकाला लागू पडेल.

जुनी यंत्रणा का काढली, ते आधी सांगतो. एका रात्रपाळीत गोदामाजवळ साठवलेल्या सुताच्या वेस्टेजने पेट घेतला. आग लहान होती आणि दहा मिनिटांत विझली. पण गेटवरून माइकवर दिलेली सूचना शिलाई विभागात पोहोचलीच नाही आणि तेथील बायका धूर दिसेपर्यंत काम करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आम्ही एकेका कर्ण्याखाली उभे राहिलो, तेव्हा १४ पैकी ५ कर्णे मुके असल्याचे आढळले. ते केव्हापासून बंद होते, हे कोणालाच सांगता आले नाही. एकाचे युनिट जळाले होते, दोघांच्या ट्रान्सफॉर्मरच्या तारा सुटल्या होत्या आणि उरलेल्या दोघांची वायरच कोणीतरी पत्रे बदलताना कापून टाकली होती. रोज सकाळी पाळी सुरू होताना गेटवरच्या कर्ण्यावर घोषणा होत असे, ती ऐकू येई, म्हणून सगळी यंत्रणा चालू आहे असे आम्ही गृहीत धरले होते.

जुन्या पद्धतीचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. एक अॅम्प्लिफायर, त्यातून निघणारी १०० व्होल्टची लाइन आणि त्या दोन तारांवर समांतर जोडलेले कर्णे, ही रचना इतकी साधी आहे की सोलापुरातला कोणताही जाणता इलेक्ट्रिशियन ती अर्ध्या दिवसात उभी करू शकतो. तार शेकडो मीटर नेता येते, सुटे भाग शहरातच मिळतात आणि खर्च कमी येतो. तिचा खरा दोष असा की लाइनवर कोण जिवंत आहे आणि कोण नाही, हे तिला स्वतःला ठाऊक नसते. अॅम्प्लिफायर आपला आवाज तारेत सोडतो आणि त्याचे काम तेथे संपते.

नेटवर्कवर चालणाऱ्या ध्वनिक्षेपकात अॅम्प्लिफायर प्रत्येक कर्ण्याच्या आतच असतो. कॅमेऱ्याला असते तशी एकच इथरनेट केबल त्याच्याकडे जाते आणि तिच्यातूनच त्याला वीजही मिळते आणि आवाजही. या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट, बोलीत पीओई, म्हणतात. २००३ च्या ८०२.३एएफ या मानकात स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या, बाजूने १५.४ वॅट दिले जातात आणि केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटची खात्री मिळते. २००९ च्या ८०२.३एटी या मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट असे आहेत. प्रत्येक ध्वनिक्षेपकाला स्वतःचा पत्ता असल्यामुळे एकट्या ११ क्रमांकाच्या कर्ण्यावर बोलता येते, शिलाई विभागातल्या सहांवर बोलता येते किंवा सगळ्यांवर एकदम बोलता येते, आणि विभागांची ही वाटणी बदलण्यासाठी एकही तार हलवावी लागत नाही. आमचे ध्वनिक्षेपक एसआयपी या, नेटवर्कवरून फोन जोडण्याच्या खुल्या पद्धतीने टेलिफोनसारखे नोंदवले जातात, त्यामुळे गेटवरचा पहारेकरी साध्या टेबल-फोनवरून विभागाचा क्रमांक फिरवून बोलू शकतो.

आम्ही घेतलेल्या प्रत्येक ध्वनिक्षेपकात एक लहान माइक आहे. ठरलेल्या वेळी ध्वनिक्षेपक एक छोटा सूर वाजवतो, आपल्याच माइकने तो ऐकतो आणि ऐकू आला की नाही याची नोंद मुख्य संगणकाकडे पाठवतो. सगळ्या यंत्रणेत मला हे एक वैशिष्ट्य पैशांच्या पूर्ण मोलाचे वाटते. सकाळी कामावर आल्यावर २२ क्रमांकांची यादी माझ्यासमोर असते आणि कोणता कर्णा गप्प आहे, हे मला शिडीशिवाय कळते. सुरुवातीला मात्र या चाचणीने आम्हाला हैराण केले. विणकाम शेडमध्ये माग चालू असताना तो सूर त्या माइकलाच ऐकू येत नसे आणि रोज नऊ ध्वनिक्षेपक नापास ठरत. चाचणीची वेळ साप्ताहिक सुटीच्या सकाळी नेल्यावर हा घोळ मिटला. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते; पण त्याने बहुधा माग चालू असलेली शेड कधी पाहिलीच नसावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो आवाजाच्या गणिताचा आहे. ध्वनिक्षेपकाच्या माहितीपत्रकात जो डेसिबलचा आकडा छापलेला असतो, तो साधारणपणे एक मीटर अंतरावरचा असतो. आमच्या हॉर्नचा तो आकडा ११८ आहे आणि तो वाचून आम्ही सगळेच निश्चिंत झालो होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे २ मीटरवर ११२, ४ मीटरवर १०६, ८ मीटरवर १०० आणि १६ मीटरवर ९४. आमच्या विणकाम शेडमध्ये सगळे माग चालू असताना मी मीटर धरून मोजले, तेव्हा काटा ९४ ते ९८ यांच्या दरम्यान फिरत होता. बोललेले शब्द नीट समजण्यासाठी ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १० डेसिबलने वर असावे लागतात. या हिशेबाने पूर्ण ताकदीने वाजणारा हॉर्नही तीन-चार मीटरपलीकडे कामाचा राहत नाही. बंद शेडमध्ये आवाज मोकळ्या मैदानाइतक्या वेगाने घटत नाही हे खरे, पण तो का घटत नाही, तर पत्र्यावरून, कोब्यावरून आणि भिंतींवरून परतून येत राहतो म्हणून. आणि हा परतून आलेला आवाज शब्दांच्या कडा पुसून टाकतो. घोषणा चालू आहे हे प्रत्येकाला कळते, पण ती कशाविषयी आहे हे कोणालाच कळत नाही. त्यात कामगारांच्या कानात बोळे असतात आणि ते असलेच पाहिजेत, कारण कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे.

हे गणित आम्हाला यंत्रणा बसवताना सुचले नव्हते. बसवल्यावर जी चाचणी घेतली, ती माग बंद असताना घेतली, आणि सुंदर, स्वच्छ आवाज ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. १८ मे २०२५ रोजी पहाटे आमच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि तीत आठ माणसे गेली. त्या दुर्घटनेवर मी येथे काही भाष्य करणार नाही. तेवढी माहिती आणि तेवढा अधिकार मला नाही. पण त्या दिवसानंतर या वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्यात लोकांनी आपापली दारे, जिने आणि कड्या नव्याने पाहिल्या, आणि आम्हीही सगळे माग चालू ठेवून, कोणालाही न सांगता, शेडमध्ये सूचना वाजवली. बाहेर पडा, असे त्या सूचनेत तीनदा म्हटले होते. एकही माणूस जागचा हलला नाही. दोघांनी वर पाहिले आणि पुन्हा मागाकडे वळले. त्यांना विचारले तेव्हा एकाने सांगितले की त्याला ती पाळीच्या हजेरीची घोषणा वाटली.

तोपर्यंत आमचा विचार मोठे हॉर्न घेण्याच्या दिशेने चालला होता, तो त्या दिवशी थांबला. ९७ डेसिबलच्या गोंगाटावर बोलून मात करायची असेल, तर जो आवाज लागेल तो माणसाच्या कानालाच अपाय करील. मग आम्ही उलट बाजूने विचार केला: आधी माग थांबवायचे आणि त्यानंतर बोलायचे. या ध्वनिक्षेपकांना सिग्नल देण्या-घेण्यासाठी दोन टर्मिनल असतात, ज्यांच्याकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. त्यांतले एक आम्ही रिलेमार्फत, म्हणजे सिग्नलवर चालणाऱ्या खटक्यामार्फत, मागांच्या थांबा-सर्किटला जोडले. पूर्ण शेडची वीज एकदम तोडली तर ताण्याचे (उभे) धागे तुटतात आणि कापडावर पट्टा उमटतो, म्हणून वीज न तोडता प्रत्येक मागाला थांबण्याचा आदेश जातो. काही सेकंदांत शेड शांत होते, खांबांवरचे लाल दिवे फिरू लागतात आणि त्यानंतर सूचना सुरू होते. त्या शांततेत हॉर्नचा आवाज निम्म्यावर ठेवला तरी शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द स्पष्ट पोहोचतो. शिवाय इतक्या वर्षांचा गोंगाट अचानक थांबणे ही स्वतःच एक सूचना असते आणि ती कोणत्याही भाषेत समजते.

चुकीच्या इशाऱ्याने उत्पादन बुडेल, ही मालकांची भीती रास्त होती. त्यासाठी दोन टप्पे ठेवले आहेत. धुराच्या शोधकाकडून पहिला इशारा आला की तो फक्त गेट, पाळीप्रमुख आणि जॉबर (मागांच्या रांगेवर देखरेख ठेवणारा) यांच्याकडे जातो. त्यांच्यापैकी कोणी बटण दाबले, किंवा ठरलेल्या वेळात कोणीच काही केले नाही, तर माग थांबतात. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. ध्वनिक्षेपक बसवायला येणाऱ्या मुलांवर ते सोपवू नये, कारण नेटवर्कची जोडणी त्यांना उत्तम येते, पण मागांच्या पॅनलमध्ये हात घालण्याचा त्यांना अनुभव नसतो.

शिलाई, तपासणी आणि पॅकिंग विभागांत परिस्थिती अगदी निराळी आहे. तेथे गोंगाट मर्यादित आहे, आणि तेथे आम्ही हॉर्न न लावता लहान पेटीचे ध्वनिक्षेपक साधारण सहा-सहा मीटरवर, कमी आवाजात लावले. चार मोठे कर्णे कोपऱ्यांत बसवण्यापेक्षा अनेक लहान ध्वनिक्षेपक माणसांच्या जवळ बसवणे केव्हाही चांगले. आज कोणी मला विचारले तर मी सांगेन की निम्मा पैसा ध्वनिक्षेपकांच्या दर्जावर घालवण्यापेक्षा त्यांच्या संख्येवर घालवावा.

भाषेचा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो, पण सोलापुरात तो टाळता येत नाही. आमच्या पाळीत घरी तेलुगू बोलणारी माणसे सर्वांत अधिक, मराठी बोलणारी त्याखालोखाल, अक्कलकोटच्या बाजूने येणारी कन्नड बोलणारी काही, आणि अलीकडे हिंदी भाषकही आले आहेत. रोजच्या व्यवहारात सगळ्यांना मराठी समजते. घाबरलेल्या माणसाला मात्र घरची भाषा आधी समजते. यंत्रणेसोबत आलेल्या तयार सूचना इंग्रजी आणि हिंदी होत्या. त्या आम्ही पहिल्याच दिवशी पुसल्या. मग मी एका परिचिताकडून तेलुगू मजकूर लिहून घेतला आणि तो शिलाई विभागातल्या ज्येष्ठ अक्कांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “साहेब, हे पुस्तकातलं तेलुगू झालं. आमच्या पोरी असं बोलत नाहीत.” त्यांनी सगळी वाक्ये गाळून ‘अग्गि, बयटकि रंडि’ एवढेच ठेवायला सांगितले, आणि ते त्यांच्याच आवाजात आम्ही मोबाइलवर नोंदवून घेतले. कन्नडसाठी सायझिंगमधल्या (सुताला खळ देण्याच्या विभागातल्या) एका मामांचा ‘होरगे बन्नि’ असा आवाज आहे. मराठी सूचना तेवढीच आखूड आहे: आग लागली आहे, बाहेर या. हिंदीसह चारही भाषांची एक फेरी १५ सेकंदांत पूर्ण होते. ओळखीचा आवाज हा किती मोठा फरक करतो, हे सरावात दिसले. अनोळखी, गोड, रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या आवाजाकडे लोक जाहिरातीसारखे दुर्लक्ष करतात. अक्कांचा आवाज आला की बायका उठून उभ्या राहतात.

ध्वनिमुद्रण ध्वनिक्षेपकातच साठवता येते, ही सोय यासाठी महत्त्वाची आहे. मुख्य संगणक बंद पडला तरी सूचना वाजते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला संगणकाची केबल काढून सूचना वाजवून दाखवायला जरूर सांगावे. आमच्याकडे आलेल्या तीन विक्रेत्यांपैकी एकाच्या मालाला हे जमले नाही आणि त्याला आम्ही तेथूनच निरोप दिला.

आता दोषांविषयी. जुन्या यंत्रणेत सगळा भार एका अॅम्प्लिफायरवर होता. नव्यात तो स्विच आणि केबल यांच्यावर आला आहे, आणि या दोन वस्तूंवर काटकसर केली तर उत्तम ध्वनिक्षेपकही निरुपयोगी ठरतो. इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच धरावी लागते. आमची शेड, डाइंग (रंगाई) विभाग आणि गोदाम यांतील अंतरे पाहता मध्ये तीन ठिकाणी स्विच बसवावे लागले. ज्या कंत्राटदाराने केबल ओढली, त्याने दरपत्रकात कॅट-६ असा तांब्याच्या केबलचा दर्जा लिहिला होता, पण आणलेली केबल अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली निघाली. दिसायला ती तांब्यासारखीच असते. टोक चाकूने खरवडले की आतून पांढरी दिसते. अशा केबलचा विद्युतरोध जास्त असतो, त्यामुळे वीज वाटेत घटते, केबल तापते आणि लांबच्या टोकाचा ध्वनिक्षेपक मोठ्या आवाजाच्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतो. आमचे १९ आणि २० क्रमांकाचे हॉर्न नेमके असेच वागत होते आणि तीन आठवडे आम्ही हॉर्नलाच दोष देत होतो. ती सगळी केबल काढून शुद्ध तांब्याची टाकली. इमारतींमधल्या मोकळ्या जागेत फायबर वापरली, कारण पावसाळ्यातल्या विजांच्या कडकडाटात तांब्याच्या लांब तारेतून येणारा झटका स्विच जाळू शकतो.

दुसरी अडचण उन्हाची. सोलापूरचा मे महिना सोलापूरकरांना सांगायला नको. ध्वनिक्षेपक आयपी६६ दर्जाचे आहेत, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून सुरक्षित, आणि उन्हातही त्यांनी तक्रारीला जागा दिली नाही. पण त्यांना वीज पुरवणारा एक स्विच पत्र्याच्या छताखाली बंद पेटीत बसवला होता. त्याच्या कागदावर कमाल ५० अंश लिहिले होते, आणि दुपारी पेटीच्या आत तापमान त्याच्याही पुढे गेले. एप्रिलच्या अखेरीपासून तो दुपारी बंद पडू लागला आणि त्याच्याबरोबर सात ध्वनिक्षेपक मुके होऊ लागले. सकाळच्या यादीत सगळे ठीक दिसे, कारण चाचणी सकाळच्या गारव्यात होत असे. शेवटी तो स्विच वाऱ्याच्या खोलीत, जमिनीपासून चार फुटांवर आणला आणि पुढचा स्विच औद्योगिक दर्जाचा घेतला. स्विचची एकूण वीज देण्याची क्षमताही पाहून घ्यावी. २४ खाचा आहेत म्हणजे २४ ध्वनिक्षेपकांना पुरेल, असे नसते. आणि प्रत्येक स्विचला यूपीएस हवाच. आगीत पहिल्यांदा वीज जाते आणि मुख्य खोलीतला एकच यूपीएस दूरच्या स्विचला उपयोगाचा नसतो.

शेडमधल्या हॉर्नच्या तोंडात कापसाचे तंतू साचतात. दोन महिन्यांत जाळीवर चांगला थर बसतो आणि उच्च स्वर दबून शब्द बोबडे होतात. हॉर्नचे तोंड किंचित खाली झुकवून बसवले आणि महिन्यातून एकदा हवेच्या पाइपने, कमी दाबाने, साफ केले की पुरते. गंमत म्हणजे हा दोष ध्वनिक्षेपकाच्या स्वयंचाचणीने पकडला नाही, कारण तिचा एकसुरी सूर त्या थरातूनही ऐकू येतो. म्हणून यादीवर विसंबून न राहता महिन्यातून एकदा मी स्वतः प्रत्येक विभागात उभा राहून सूचना ऐकतो.

कॅमेरे आणि ध्वनिक्षेपक एकाच नेटवर्कवर असल्यामुळे एक वेगळा त्रास झाला. सगळ्या विभागांवर एकत्र घोषणा सुरू झाली की कॅमेऱ्यांची चित्रे गोठत. एकाच वेळी अनेकांना पाठवलेला आवाज स्विच सगळ्या खाचांवर पसरवत होते. तो हव्या त्याच ठिकाणी जावा अशी मांडणी स्विचमध्ये करून आणि ध्वनिक्षेपकांचे नेटवर्क वेगळे काढून हे सुटले. आमच्या पुरवठादाराच्या अभियंत्याला ते सापडायला दोन दिवस लागले.

सुरक्षिततेसाठी मागच्या कुंपणावर दोन हॉर्न कॅमेऱ्यांशी जोडले आहेत. रात्री कोणी भिंत ओलांडली की कॅमेरा इशारा देतो आणि हॉर्न बोलतो. पहिल्या महिन्यात हा हॉर्न मुख्यतः कुत्र्यांशी बोलला, आणि कॅमेऱ्याची सीमारेषा जमिनीपासून वर उचलल्यावर ते थांबले. ठरावीक ध्वनिमुद्रित धमकीचा प्रभाव फार दिवस टिकत नाही. आता इशारा आला की पहारेकरी स्वतः पडद्यावर पाहून बोलतो. “निळा शर्ट घातलेला, गोणी खाली ठेव,” असे वाक्य अंधारातून ऐकू आल्यावर माणूस तेथे उभा राहत नाही, हे आम्ही एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. या हॉर्नबाबत कायद्याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. अपवाद बंदिस्त जागेतल्या आतल्या आत होणाऱ्या वापराचा आणि सार्वजनिक आणीबाणीचा. कुंपणावरचा हॉर्न या अपवादांत सहज बसत नाही. म्हणून तोंडे आतल्या बाजूला वळवली आहेत, रात्रीचा आवाज आपोआप अगदी खाली येतो आणि मागच्या वस्तीत जाऊन मी स्वतः रात्री तो ऐकून आलो आहे. दिवसभर राबून झोपलेल्या माणसांची झोप मोडून आपल्या टॉवेलांची राखण करणे योग्य नव्हे.

ध्वनिक्षेपकातला माइक ही सोय असली, तरी तो कामगारांच्या डोक्यावर लावलेला कानही होऊ शकतो. कामगारांनी हा प्रश्न विचारला आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क होता. स्वयंचाचणीखेरीज माइक बंद राहील अशी मांडणी केली आणि त्यांच्या दोन प्रतिनिधींना ती पडद्यावर दाखवली. उत्पादकाकडून आलेले मूळ पासवर्ड बदलणे आणि ही उपकरणे बाहेरच्या इंटरनेटवर उघडी न ठेवणे, ही कामेही पहिल्याच दिवशी करावीत. अमेरिकेत डॅलस शहरात एप्रिल २०१७ मध्ये कोणीतरी बाहेरून यंत्रणेत शिरून १५६ भोंगे मध्यरात्रीच्या सुमारास वाजवले होते. तेथे वाट रेडिओ लहरींची होती, पण खोट्या इशाऱ्याने सगळ्या गावाचा खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास कसा उडू शकतो, हे त्यातून समजते.

खर्चाचे सांगायचे तर आमच्या दरपत्रकांत नेटवर्क हॉर्नची किंमत जुन्या पद्धतीच्या चांगल्या हॉर्नच्या सुमारे पाचपट होती, आणि स्विच, यूपीएस व केबल यांचा खर्च ध्वनिक्षेपकांच्या एकूण किमतीच्या जवळ गेला. दुरुस्तीसाठी माणूस पुण्याहून येतो. बहुतेक प्रश्न तो दूरवरून सोडवतो, पण हॉर्न जळाला तर बदली यायला आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे दोन हॉर्न आणि एक स्विच आम्ही कपाटात ठेवले आहेत. ज्यांची एकच शेड आहे, जेथे दहा-बारा माग आणि तेवढीच माणसे आहेत, त्यांना मी हा खर्च करायला सांगणार नाही. त्यांनी जुनीच १०० व्होल्टची लाइन नीट बांधावी, दर महिन्याला प्रत्येक कर्ण्याखाली उभे राहून ऐकावे आणि उरलेल्या पैशांतून माग थांबवणारे बटण व दुसरे दार करून घ्यावे. अनेक विभाग, दोन पाळ्या आणि शंभराच्या वर माणसे असतील, तर मात्र ही यंत्रणा घ्यावी, आणि घेताना एसआयपीसारखी खुली पद्धत चालते याची लेखी हमी मागावी, म्हणजे पुढे पुरवठादार बदलला तरी कर्णे बदलावे लागणार नाहीत.

डाइंग विभाग अजून सुटलेला नाही. वाफ आणि रसायनांचे थेंब यांनी तेथल्या केबलचे कनेक्टर सहा महिन्यांत हिरवे पडले. हॉर्न टिकला, जोड टिकला नाही. आता जोड रबरी टोपीत बंद केला आहे, पण त्यावर मी अजून विश्वास ठेवत नाही, म्हणून तेथे जुनी हाताने वाजवायची घंटा टांगलेलीच आहे.

ध्वनिक्षेपकांची ताजी यादी आम्ही दर आठवड्याला गेटजवळच्या फलकावर लावतो. या आठवड्यात १७ क्रमांकापुढे लाल खूण आहे. तो तिसऱ्या रांगेच्या टोकाचा हॉर्न आहे, बदली उद्या बसेल, आणि तोपर्यंत त्या रांगेच्या जॉबरच्या गळ्यात शिट्टी आहे. इशारा झाला की त्याने रांगेच्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येकाला बाहेर काढायचे, असे त्याच फलकावर त्याच्या नावासह लिहिले आहे.